परवान्यावरचे लहान पिस्तूल: वडिलांचे जुने बेल्जियन ठेवावे की नवे घ्यावे?

प्रश्न: जांबोटीकर

नमस्कार मंडळी. माझे वडील यंदा ७२ वर्षांचे झाले. त्यांच्याकडे जवळपास चाळीस वर्षे .३२ बोअरचे एक लहान पिस्तूल आहे. परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, तर ते वारसाच्या नावे करता येते, अशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. तिच्या आधारे मी अर्ज केला, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडला आणि काही महिन्यांपूर्वी ते पिस्तूल माझ्या परवान्यावर चढले. आमचा काजूचा व्यवहार आहे. हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री जंगलातल्या रस्त्याने यावे लागते, एवढ्याचसाठी ते जवळ बाळगायचे.

पिस्तूल म्हणजे ब्राउनिंगचे १९१० मॉडेल, बेल्जियममधील हेर्स्टालच्या एफएन कारखान्यात बनलेले. वजन सुमारे सहाशे ग्रॅम, मॅगझिनमध्ये सात काडतुसे बसतात आणि बंडीच्या आतल्या खिशात ते कळूनही येत नाही. वडिलांनी एवढ्या वर्षांत ते फारसे झाडलेच नव्हते. परवा परवानाप्राप्त रेंजवर नेऊन मी वीस गोळ्या झाडल्या, तेव्हा तीन वेळा काम अडले. दोनदा काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, पूर्ण न शिरता तिरके अडकले आणि एकदा चाप ओढला, टक् असा आवाज झाला, पण बार झाला नाही. बाहेर काढलेल्या त्या काडतुसाच्या टोपीवर (बुडातील ठिणगी देणारा भाग) आघात करणाऱ्या पिनेची खूण दिसत होती, पण अगदी उथळ.

ज्या दुकानात मी चौकशी केली तिथे मला सांगण्यात आले की जुने मोडीत काढा आणि नवे घ्या, नव्यात काही अडचण येत नाही. अमेरिकेत असलेला माझा चुलतभाऊ सिग कंपनीचे पी-३६५ बाळगतो. तोही म्हणतो की शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेवर जीव टांगू नकोस. इंटरनेटवर जे वाचायला मिळते ते जवळजवळ सगळे ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांविषयी आहे आणि तो बोअर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून आपल्या हाती येऊ शकणाऱ्या शस्त्रांपैकी कोणत्या कारखान्याच्या मालावर भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: माजी सुभेदार, बेळगाव कॅम्प

जांबोटीकर, आपण प्रश्न कारखान्याचा विचारला आहे, पण उत्तराचा निम्मा भाग आपण स्वतःच लिहून ठेवला आहे, फक्त त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. वीस गोळ्यांत तीनदा काम अडले, पण अडण्याची जात एक नव्हती. दोन वेळचा दोष काडतूस वर चढण्यातला आहे आणि एक वेळचा दोष ठिणगी पडण्यातला आहे. या दोघांची मुळे वेगळी आहेत. फौजेत शस्त्रप्रशिक्षणात आम्ही जवानांना 'रोके आणि फौरी इलाज', म्हणजे शस्त्र अडणे आणि त्यावरचा तत्काळ उपाय, शिकवत असू, त्यात पहिली सवय हीच लावायची की शस्त्र अडले तर आधी अडण्याचा प्रकार ओळखा आणि मग हात चालवा. पिस्तुलाला नुसते 'खराब' म्हणणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय औषध देण्यासारखे आहे.

काडतूस तिरके अडकते तेव्हा दहापैकी आठ वेळा मी आधी मॅगझिनकडे पाहतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तोच असतो. पत्र्याच्या त्या डबीच्या वरच्या दोन दुमडलेल्या कडा काडतुसाला धरून ठेवतात आणि योग्य कोनात पुढे सोडतात. कोणी ती डबी फरशीवर पाडली, वा टेबलावर आपटून बसवली, की कडा केसाएवढ्या उघडतात किंवा मिटतात आणि काडतुसाचे नाक वर किंवा खाली जाते. चाळीस वर्षांत एका मॅगझिनने हे सगळे सोसलेले असणार. त्यातून ते वर्षानुवर्षे भरूनच ठेवलेले असेल, तर आतली स्प्रिंगही शिथिल झालेली असू शकते.

.३२ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे काडतूस ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी बेतले आणि त्याच्या बुडाची कडा काडतुसाच्या अंगापेक्षा किंचित रुंद, बाहेर आलेली ठेवली. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा पुढे-मागे सरकणारा वरचा भाग, कितीही जोराने आली तरी वरचे काडतूस हलत नाही. हा दोष कोणत्याही कारखान्याच्या .३२ पिस्तुलात होऊ शकतो, नवे असो वा जुने. त्यावर उपाय एकच, भरताना प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसाच्या कडेपुढे बसले आहे हे अंगठ्याने चाचपून पाहायचे. जवानाला मी हे डोळे बांधून करायला लावत असे.

आपण मला एवढे कळवा की तिन्ही वेळा एकच मॅगझिन होते का आणि काडतुसे कोणत्या वर्षाची होती.

उत्तर: चिकोडीचा अभियंता

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे अमेरिकेत टेक्सास राज्यात होतो. आपल्या चुलतभावाचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. लहान पिस्तुलांची बाजारपेठ तिथे प्रचंड आहे आणि तिथल्या अनुभवातून एक गोष्ट मी पक्की शिकलो की मोठ्या नावाच्या कारखान्याचा पहिला घाणासुद्धा कच्चा निघू शकतो. पी-३६५ हे पिस्तूल २०१८ मध्ये आले. एवढ्याशा आकारात दहा काडतुसे मावतात याचे सगळ्यांना नवल वाटले, पण सुरुवातीच्या काही नगांत पिन तुटण्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला भाग बदलावे लागले. पुढे मात्र ते तिथल्या सर्वांत भरवशाच्या लहान पिस्तुलांत गणले जाऊ लागले. रुगरचे एलसीपी २००८ मध्ये बाजारात आले आणि त्याच वर्षी परत मागवले गेले, कारण चेंबरमध्ये काडतूस असताना खाली पडल्यास बार होण्याची शक्यता दिसून आली होती. स्मिथ अँड वेसनचे शील्ड २०१२ चे, त्याच्याही चापाच्या भागाविषयी २०१३ मध्ये कंपनीने सावधगिरीची सूचना काढली. ग्लॉक १९ हे १९८८ पासून चालत आलेले आहे आणि त्याची कीर्ती खरी आहे. मात्र त्या कीर्तीमागे इतक्या वर्षांतल्या लहानसहान सुधारणा आहेत, हे लोक विसरतात.

आता आपल्याशी संबंधित उदाहरण सांगतो. वॉल्थरचे पीपीके हे .३२ मधले कदाचित सर्वांत नावाजलेले लहान पिस्तूल, मूळचे १९३० च्या सुमाराचे. आपल्याकडेही जुन्या परवानाधारकांकडे ते आढळते आणि अव्वाच्या सव्वा किमतीला विकले जाते. पण 'पीपीके' हे नाव म्हणजे एकच कारखाना नव्हे. युद्धापूर्वी ते जर्मनीत होत असे, युद्धानंतर बरीच वर्षे फ्रान्समध्ये मानुऱ्हँ कंपनीने बनवले, नंतर अमेरिकेत बनू लागले. २००२ ते २००९ च्या काळात तिथे स्मिथ अँड वेसनने बनवलेली पीपीके आणि पीपीके/एस २००९ मध्ये परत मागवावी लागली, कारण सेफ्टी लावून घोडा (पिनेवर आदळणारा भाग) खाली उतरवताना बार होऊ शकत होता. नाव तेच, आराखडा तोच, पण नगाची प्रकृती वेगळी. त्यामुळे कोणी आपल्याला 'पीपीके आहे, डोळे झाकून घ्या' असे सांगितले, तर डोळे उघडून कोणत्या देशाचे आणि कोणत्या वर्षाचे, एवढे तरी अवश्य पाहावे.

मला त्या लोकांचे एक मनापासून आवडले. दोष सापडला की कंपनी क्रमांकांची यादी जाहीर करते आणि खर्च सोसून पिस्तूल परत घेते. गुणवत्ता या शब्दात मी हेही धरतो. आपल्याकडे परवानाधारकाला दोष कोणाला सांगायचा हेच पुष्कळदा कळत नाही, याचे मला वाईट वाटते.

उत्तर: जांबोटीकर

सुभेदार साहेब, आपला अंदाज बरोबर निघाला. पिस्तुलाबरोबर दोन मॅगझिन आहेत. मी त्यांच्या बुडावर रंगाने एक आणि दोन असे आकडे घातले आणि नकली काडतुसे भरून हाताने स्लाइड ओढून पाहिली. तिरके अडकण्याचा प्रकार फक्त दोन क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये होतो, तोही शेवटून दुसऱ्या काडतुसाला. काडतुसांचे म्हणाल तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, बुडावर केएफ ठसा असलेली आहेत, पण काही या वर्षी घेतलेली आणि काही वडिलांनी जपून ठेवलेली अशी मिसळ झाली होती. जुनी काडतुसे कातडी पट्ट्याच्या घरांत बसवलेली होती. बाहेर काढून पाहिली तर पितळेवर हिरवट थर धरलेला आणि नखाने खरवडला तर त्याखाली बारीक खड्डे होते.

दुसरी एक गोष्ट सांगायची राहून गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी वडिलांनी नियमाप्रमाणे शस्त्र जमा केले होते. ते परत मिळेपर्यंत आमच्याकडे पाऊस सुरू झाला होता. तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके आलेले दिसले आणि वडिलांनी घाईघाईने भरपूर ग्रीस चोपडून ते पेटीत ठेवून दिले. जमा करताना तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून दिले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

उत्तर: बंदूक दुरुस्ती, बेळगाव

मी परवानाधारक दुरुस्ती करणारा आहे आणि हे काम आमच्या घरात तीन पिढ्या चालत आले आहे. आपण शेवटी जे लिहिले त्यातच आपल्या तिसऱ्या अडचणीचे उत्तर आहे. १९१० मॉडेलला बाहेर घोडा नसतो. स्लाइडच्या आत नळकांड्यासारख्या पोकळीत पिन आणि तिची स्प्रिंग असते आणि चाप ओढल्यावर ती पिन सरळ पुढे धावते. त्या पोकळीत ग्रीस गेले आणि वर्षभरात घट्ट झाले, की पिन चिखलातून चालल्यासारखी चालते आणि टोपीवर उथळ खूण करून थांबते. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात असेच एक पिस्तूल आले होते. पिन बाहेर काढली तर तिच्याभोवती मधासारखा पिवळा, चिकट थर होता आणि त्यात कापडाचे धागे अडकले होते. पोकळी स्वच्छ करून अगदी कोरडी ठेवली आणि ते पिस्तूल पुन्हा नीट चालू लागले. कुठलाही नवा भाग घालावा लागला नाही. आमच्याकडे कणकुंबी, आमगाव, जांबोटी या पट्ट्यातून येणारी शस्त्रे मी पाहताक्षणी ओळखतो, इतका त्या हवेचा परिणाम लोखंडावर दिसतो. कातडी म्यान हे बाळगण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी नव्हे. कातडे ओलावा धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात असतात, ती पोलादालाही खातात आणि पितळेलाही.

आता जुने की नवे, याविषयी माझे मत. जुन्या विलायती मालाचे पोलाद आणि हाताने बसवलेले सांधे आजही पाहत राहावेत असे आहेत, हे मी मान्य करतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी आयात बंद झाल्यामुळे त्यांची किंमत मात्र गुणांपेक्षा दुर्मिळतेने वाढलेली आहे. त्यामुळे किमतीवरून दर्जा ठरवू नये. माझ्या टेबलावर असे महागडे नग आले आहेत की ज्यांच्या स्लाइडला रिकामे काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात केसासारखी चीर होती आणि मालकाला तिचा पत्ताही नव्हता. .३२ मधली बहुतेक लहान पिस्तुले स्लाइडच्या वजनावर आणि तिला पुन्हा पुढे आणणाऱ्या स्प्रिंगच्या जोरावरच चालतात, त्यात नळी आणि स्लाइड यांना जखडणारी कडी नसते. नळीभोवतीची ती स्प्रिंग थकली की स्लाइड प्रत्येक बाराला मागे जाऊन सांगाड्यावर आदळते आणि मग चीर पडते. स्प्रिंग ही वस्तू काडतुसासारखीच संपणारी आहे, हे कृपया लक्षात ठेवावे.

आपल्या सरकारी आयुध कारखान्यांच्या .३२ पिस्तुलाविषयी, म्हणजे 'अशनी'विषयी, लोक टोकाचे बोलतात. मी दोन्ही प्रकारचे नग पाहिले आहेत. काहींची कातणी खडबडीत असते, काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढते त्यावर हत्याराच्या रेघा तशाच राहिलेल्या असतात आणि चाप जड असतो. काही मात्र पेटीतून काढल्यापासून निर्वेध चालतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, शस्त्रे कानपूरच्या कंपनीकडे आणि दारूगोळा पुण्याच्या कंपनीकडे गेला. त्यानंतरच्या मालाची बाहेरची सफाई माझ्या पाहण्यात सुधारली आहे. पण त्यामुळे आपल्या हातातला नग आपोआप चांगला ठरत नाही. नवे घेताना पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून घ्यावी, स्लाइड उघडी ठेवून त्या उतारावरून बोटाचे टोक फिरवावे आणि नख कुठे अडकते का ते पाहावे. रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी धारदार आणि अखंड आहे का, हे भिंगातून पाहावे. दोन मॅगझिन मागून घ्यावीत आणि दोन्ही हाताने चालवून पाहावीत. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

पिन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर यांना घरी कानस लावू नये. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

उत्तर: अथणीची एक परवानाधारक

मी शेती पाहते आणि माझ्याकडे रिव्हॉल्व्हर आहे. कोणाला सल्ला म्हणून नव्हे, पण विचारात घ्यावे म्हणून लिहिते. जांबोटीकरांच्या तीन अडचणींपैकी दोन रिव्हॉल्व्हरमध्ये उद्भवल्याच नसत्या, कारण तिथे मॅगझिनच नाही, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर आले असते. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर, त्यातले हलके 'निर्भीक', आणि २०२३ मध्ये आलेले, काडतुसे बसणारी चक्री बाजूला उघडणारे 'प्रबळ' हे पर्याय आहेत. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावानेही .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले आहे. चाप जड असतो, नेम धरायला सराव जास्त लागतो आणि चक्रीमुळे ते खिशात फुगते, हे तोटे मी अनुभवाने मान्य करते. पण महिनोन्महिने हात न लागता पडून राहणाऱ्या शस्त्रात जितके भाग कमी हलतात तितके मला बरे वाटते. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची .३२ काडतुसे वेगवेगळी असतात. नवख्या माणसाने बोअर सारखा पाहून एकाची काडतुसे दुसऱ्यासाठी घेऊ नयेत.

उत्तर: माजी सुभेदार, बेळगाव कॅम्प

ताईंनी लिहिले ते रास्त आहे. मी स्वतः नोकरीत ९ मिलिमीटरचे १-ए पिस्तूल वापरले आणि ते मला फार आवडत असे, पण त्याची रोज चिंदी मारणारे हात आणि दर आठवड्याला कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, होणारी तपासणी यांच्यामुळे ते तसे चालत होते. घरात पेटीत पडून राहणाऱ्या शस्त्राला तो आधार नसतो.

जांबोटीकरांना दोन गोष्टी निक्षून सांगतो. पहिली, १९१० मॉडेलला मूठ दाबल्यावर सुटणारी सेफ्टी आहे, बाजूचा खटका आहे, मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी सोयही आहे. पण पिनेला स्वतंत्रपणे अडवणारा आडणा त्यात नाही. ताणलेली पिन एका लहानशा दातावर थांबलेली असते आणि तो दात चाळीस-पन्नास वर्षांत झिजलेला असू शकतो. म्हणून हे पिस्तूल चेंबर रिकामे ठेवूनच बाळगावे. नव्या रचनेच्या पुष्कळ पिस्तुलांत ही सोय असते आणि नवे घेण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा माझ्या मते हाच आहे, चुलतभावाचे म्हणणे इथे मला मान्य आहे. दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते वाचून घ्यावे. बेळगावहून चंदगडला जाताना राज्य कधी बदलले ते गप्पांच्या नादात कळतही नाही, चोर्ल्यातून गोव्याकडे उतरतानाही तसेच. परवाना कर्नाटकापुरता असेल तर सीमेपलीकडे ते शस्त्र बेकायदा ठरते.

आणि चाचणी पुन्हा घ्यावी ती रेंजवरच. काही लोक शेतात दोन बार काढून पाहतात, ते अजिबात करू नये.

उत्तर: जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात बेळगावला पिस्तूल उघडून घेतले. पिनेच्या पोकळीतून खरोखरच पिवळसर गोळा निघाला. नळीभोवतीची स्प्रिंग बदलली, जुनी शेजारी ठेवून पाहिली तर ती नवीपेक्षा दोन बोटे आखूड होती. स्लाइडला चीर नाही, पण पिनेचा दात थोडा झिजलेला आहे असे कारागिरांनी भिंगातून दाखवले.

त्यानंतर रेंजवर फक्त या वर्षीची काडतुसे आणि एक क्रमांकाचे मॅगझिन घेऊन तीस गोळ्या झाडल्या, एकदाही अडले नाही. दोन क्रमांकाच्या मॅगझिनमधून दहा झाडल्या, त्यात एकदा पुन्हा तिरके अडकले, तेव्हा ते मॅगझिन मी बाजूला काढून टाकले आहे. हिरवी पडलेली काडतुसे झाडून न पाहता रीतसर जमा करण्यासाठी वेगळी ठेवली आहेत. वडिलांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी कातडी पट्टा स्वतःच पेटीतून काढून बाहेर टांगला.

सध्या पिस्तूल चेंबर रिकामे ठेवून वापरतो आहे आणि नव्यासाठी परवानगीचा अर्ज तयार करतो आहे. तोपर्यंत १९१० मॉडेलचे चांगल्या स्थितीतले मूळ मॅगझिन कोणा परवानाधारकाकडे जादा असल्यास आणि ते कायदेशीर मार्गाने देता येणार असल्यास इथे कळवावे.